'पेक्षा' गेला कुठे? इंग्रजीत तुलना करण्याची सविस्तर कृती

माझ्या संध्याकाळच्या वर्गाला येणारा एक मुलगा टॉवेलच्या दुकानात काम करतो. सकाळी गिऱ्हाईक, दुपारी पार्सलं, आणि अधूनमधून मालकाच्या मोबाइलवर परदेशातल्या खरेदीदाराचा व्हिडिओ कॉल. एकदा पलीकडच्या बाईंनी दोन टॉवेल शेजारी धरायला लावले आणि विचारलं, 'विच वन इज सॉफ्टर?' आमच्या गड्याने उजव्या हातातला टॉवेल पुढे केला आणि ठामपणे सांगितलं, 'धिस इज सॉफ्ट.' बाईंनी परत विचारलं. यानेही परत तेच सांगितलं, फक्त जरा मोठ्याने. शेवटी बाई म्हणाल्या, 'सो द अदर वन इज नॉट सॉफ्ट?' इकडे मालकाचा चेहरा उतरला, कारण दुसरा टॉवेल जास्त किमतीचा होता.

पोरगं मराठीत अगदी बरोबर विचार करत होतं. 'यातला मऊ कोणता?' 'हा मऊ.' झालं. ऐकणाऱ्याला तुलना कळते, विशेषणाला हात लावावा लागत नाही. दुसऱ्या वस्तूचं नाव घ्यायचं असेल तर तिला 'पेक्षा' चिकटवायचा: त्यापेक्षा हा मऊ. 'मऊ' होता तसाच राहतो. सोलापुरात तर ही सवय चौपट पक्की. माझ्या वर्गात कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी उर्दू. तेलुगूत 'कंटे', कन्नडमध्ये 'गिंत', उर्दूत 'से'. सगळीकडे तुलनेचं ओझं दुसऱ्या वस्तूच्या नावावर. इंग्रजी ते ओझं विशेषणाच्या पाठीवर टाकते. सॉफ्टचं सॉफ्टर होतं आणि मग 'दॅन' येतो. दोन्ही हवेत. एवढी गोष्ट अंगवळणी पडली की निम्म्या चुका आपोआप जातात. उरलेल्या निम्म्यांसाठी पुढच्या पायऱ्या.

पहिली पायरी: लपलेली तुलना पकडा

वाक्यात 'पेक्षा' दिसला तर तुलना आहे हे कोणालाही कळतं. 'हून' किंवा 'जास्त' असेल तरीही कळतं. अडचण होते ती यातलं काहीच नसताना. ही वाक्यं बघा, सगळी आपल्या रोजच्या तोंडातली:

जरा मोठा साइझ दाखवा.
स्वस्तातलं काही नाही का?
हा माझा लहान भाऊ.
लवकरची गाडी कोणती?
कालच्यापेक्षा आज बरं वाटतंय.

पाचातल्या चार वाक्यांत 'पेक्षा' नाही, तुलना मात्र पाचही वाक्यांत आहे. मोठा साइझ म्हणजे हातातल्या साइझपेक्षा मोठा, म्हणून 'अ बिगर साइझ'. 'अ लिटल बिग साइझ' म्हटलं तर ऐकणारा गोंधळतो. स्वस्तातलं म्हणजे 'समथिंग चीपर'. लवकरची गाडी म्हणजे 'ॲन अर्लिअर ट्रेन'. लहान भाऊ हा माझ्यापेक्षा लहान असतो, म्हणून 'माय यंगर ब्रदर'. 'माय स्मॉल ब्रदर' म्हटलं की इंग्रजी माणसाला बुटका भाऊ दिसतो, आणि भाऊ सहा फुटी निघाला की तो चक्रावतो.

युक्ती सोपी आहे. मराठी वाक्य मनात उभं करा आणि त्याला विचारा, 'कशापेक्षा?' उत्तर मिळालं तर विशेषण बदलायचं. 'चहा गोड आहे.' कशापेक्षा? कशापेक्षाच नाही, नुसता गोड आहे. मग 'स्वीट'. 'हा चहा गोड, तो फिका.' इथे उत्तर मिळतं. मग 'स्वीटर'. पहिले आठ दिवस हा प्रश्न मुद्दाम विचारावा लागेल. नंतर तो स्वतःहून पडतो.

दुसरी पायरी: हनुवटी मोजा

विशेषण बदलायचं ठरलं, पण 'अर' लावायचा की पुढे 'मोअर' ठेवायचा? ते शब्दाच्या लांबीवर ठरतं, आणि लांबी अक्षरांवरून मोजायची नसते, उच्चारातल्या ठोक्यांवरून मोजायची. हनुवटीखाली तळहात आडवा धरा आणि शब्द म्हणा. हनुवटी हाताला जितक्या वेळा टेकेल तितके ठोके. सॉफ्ट: एक. हेवी: दोन. एक्स्पेन्सिव्ह: तीन.

एक ठोका असेल तर 'अर': सॉफ्टर, थिकर, लाँगर, चीपर. तीन किंवा जास्त असतील तर 'मोअर': मोअर एक्स्पेन्सिव्ह, मोअर कम्फर्टेबल, मोअर ब्यूटिफुल. इथवर कोणी अडत नाही.

मधले दोन ठोकेवाले मात्र त्रास देतात. त्यांच्यातले शेवटी वाय अक्षर असणारे 'अर' घेतात: हेविअर, इझिअर, डर्टिअर, स्पायसिअर. बाकीच्या बहुतेकांना 'मोअर' लावा: मोअर फेमस, मोअर मॉडर्न, मोअर युजफुल, मोअर केअरफुल, मोअर बोरिंग. नॅरो, सिंपल, क्वाएट, क्लेव्हर ही मंडळी दोन ठोक्यांची असूनही 'अर' खुशाल घेतात. हे पाठ करायच्या भानगडीत पडू नका. वाय असेल तर 'अर', नसेल आणि शंका असेल तर 'मोअर', एवढं धरलं तर क्वचितच फसाल.

एक ठोक्याचे असूनही 'मोअर' मागणारे थोडे शब्द आहेत. टायर्ड आणि बोअर्ड हे त्यातले नेहमीचे: 'आय ॲम मोअर टायर्ड टुडे.'

आता आपली लाडकी चूक: 'मोअर बेटर', 'मोअर सॉफ्टर'. पोरं असं का म्हणतात, यावर मी बराच विचार केलाय. 'मोअर' म्हणजे 'जास्त' हे डोक्यात बसलेलं असतं, आणि 'अर' हा शेपटासारखा प्रत्यय आपल्या कानाला काही सांगत नाही. तुलनेचे प्रत्यय मराठीतही आहेत, पण आपल्याला ते जाणवेनासे झालेत. पाचवी-सहावीत लसावि-मसावि केले ना? लघुतम आणि महत्तम: तो 'तम' म्हणजे सर्वांत. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला 'इष्ठ'ही तोच अर्थ सांगतो, आणि तो इंग्रजीतल्या 'एस्ट'चा सख्खा चुलत भाऊ आहे. भाषांचं कूळ शोधणारे यासाठी एक जोडी हमखास दाखवतात: संस्कृत 'स्वादिष्ठ' आणि इंग्रजी 'स्वीटेस्ट'. मूळ एक, प्रत्ययही एक. शेंगा चटणी स्वादिष्ट आहे असं आपण सहज म्हणतो, तेव्हा मूळ अर्थाने ती 'सर्वांत गोड' आहे असं म्हणत असतो! आणि 'श्रेष्ठ'मधला 'सर्वांत' ऐकू येत नाही म्हणून आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो, 'अधिक श्रेष्ठ' म्हणतो. मराठीत ते चालून गेलं. इंग्रजीत 'अर' अजून जिवंत आहे, म्हणून 'मोअर बेटर' म्हणजे एका चादरीवर दोनदा जीएसटी. बेटर एवढंच पुरे.

स्पेलिंगचं थोडक्यात

शेवटी एकच व्यंजन आणि त्याच्या आधी एकच स्वर असेल तर व्यंजन दुप्पट होतं: बिगमध्ये जी दोनदा, हॉटमध्ये टी दोनदा, थिनमध्ये एन दोनदा. क्लीन, डीप यांत दोन स्वर आहेत, तिथे काही दुप्पट होत नाही. डब्ल्यू कधीच दुप्पट होत नाही: लोअर, स्लोअर. शेवटी ई आधीच असेल तर नुसता आर जोडा: नाइसर, लार्जर. व्यंजनानंतर वाय असेल तर वाय काढून आय घाला आणि मग ई-आर. ओल्यापेक्षा ओला म्हणजे 'वेटर' लिहिताना टी दोनदा येतो. हॉटेलातल्या वेटरचं स्पेलिंग पूर्ण वेगळं, दोघांची गल्लत नको.

नियम न पाळणारे पाच

गुड, बेटर, बेस्ट. बॅड, वर्स, वर्स्ट. लिटल, लेस, लीस्ट. मेनी किंवा मच, मोअर, मोस्ट. फार, फार्दर, फार्देस्ट. हे पाठच करायचे, दुसरा मार्ग नाही. तक्रार मात्र करू नका. 'जा'चा भूतकाळ 'गेला' का होतो, हे आपण कधी मराठीला विचारलंय?

मेनी-मोअर बद्दल एक गोष्ट. 'गड्ड्याच्या जत्रेत कालच्यापेक्षा आज जास्त लोक आहेत' यातला 'जास्त' नामाला लागलाय, तेव्हा तिथे 'मोअर' येणारच, नाम कितीही छोटं असो: 'देअर आर मोअर पीपल टुडे दॅन येस्टरडे.' उलट 'कमी' साठी दोन शब्द आहेत. मोजता येणाऱ्यांना 'फ्युअर': फ्युअर कस्टमर्स. न मोजता येणाऱ्याला 'लेस': लेस वॉटर.

'पेक्षा' म्हणजे 'दॅन', पण बघून

हा 'दॅन' टी-एच-ए-एन असा लिहितात. टी-एच-ई-एन म्हणजे 'मग'. उत्तरपत्रिकेत या एका अक्षराने गुण जातात. 'फ्रॉम' तर अजिबात नको. 'ही इज टॉलर फ्रॉम मी' हे 'से'चं भाषांतर आहे.

काही शब्दांना मात्र 'दॅन' चालत नाही, 'टू' लागतो: सीनियर, ज्युनियर, सुपिरियर, इन्फिरियर. हे लॅटिनमधून येताना तुलना सोबत घेऊनच आले, म्हणून त्यांना 'मोअर'ही नको. 'शी इज सीनियर टू मी.' प्रिफर हे क्रियापदही त्याच पंगतीतलं: 'आय प्रिफर भाकरी टू चपाती.' आमच्याकडे हे वाक्य कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

मोठी बहीण म्हणजे 'एल्डर सिस्टर', पण 'एल्डर'पुढे 'दॅन' बसत नाही. नातं सांगताना 'माय एल्डर सिस्टर', तुलना करताना 'शी इज ओल्डर दॅन मी'. 'दॅन मी' की 'दॅन आय'? बोलताना 'मी' सगळे वापरतात. परीक्षेत 'दॅन आय ॲम' लिहा, कोणी लाल रेघ मारणार नाही.

आता खरी मेख. 'सोलापूरचा उन्हाळा पुण्यापेक्षा कडक' हे मराठीत शुद्ध वाक्य आहे. तसंच इंग्रजीत नेलं तर 'द समर इन सोलापूर इज हार्शर दॅन पुणे' होतं, म्हणजे उन्हाळ्याची तुलना आख्ख्या शहराशी. आपण 'पुण्याच्या उन्हाळ्यापेक्षा' हे मनात धरतो आणि गिळून टाकतो. इंग्रजीत ते गिळता येत नाही. 'दॅन दॅट ऑफ पुणे' म्हणा किंवा सरळ 'दॅन द समर इन पुणे'. नाम अनेकवचनी असेल तर 'दोज ऑफ'. दोन्ही बाजूंना एकाच जातीची वस्तू आहे ना, हे 'दॅन' लिहिण्याआधी तपासायचं. दहावीच्याच काय, पदवीच्या मुलांचीही ही चूक होते.

आणि तुलना कशात, हेही सांगायला लागतं. मी वर्गात विचारतो, उजनी धरण मोठं की कोयना? सोलापूरची पोरं, ती काय सांगणार! एकूण साठा बघितला तर त्यांचं बरोबर आहे: उजनी साधारण 117 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), कोयना साधारण 105. पण उजनीतलं 63 टीएमसीच्या आसपास पाणी मृतसाठ्यात, म्हणजे एरवी वापरता न येणाऱ्या तळाच्या पाण्यात जातं. ते आपल्याला वेगळं सांगायला नको, उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' हे ऐकतच आपण मोठे झालो. वापरायच्या पाण्यात कोयना जवळपास दुप्पट भरते. म्हणून नुसतं 'उजनी इज बिगर' म्हटलं की वाद पेटतो. 'उजनी हॅज अ लार्जर टोटल स्टोरेज, बट कोयना हॅज अ लार्जर लाइव्ह स्टोरेज' म्हटलं की मिटतो. इथे 'लार्जर'च्या आधी 'अ' आहे, 'द' नाही, तेही बघून ठेवा.

कितीने जास्त?

'खूप मोठा' म्हणजे 'व्हेरी बिग', बरोबर. पण 'खूपच मोठा, त्याच्यापेक्षा' म्हणजे 'व्हेरी बिगर' नाही. 'अर' आणि 'मोअर'च्या आधी 'व्हेरी' येत नाही. 'मच', 'अ लॉट' किंवा 'फार' येतो. हा 'फार' इंग्रजी शब्द आहे, आपल्या 'फार'शी त्याचा काही संबंध नाही, योगायोगाने अर्थ मात्र जुळतो. 'फार बेटर' म्हणजे फारच चांगला. लक्षात ठेवायला यापेक्षा सोपं काय मिळणार? जरासा फरक असेल तर 'अ लिटल' किंवा 'अ बिट': 'अ बिट थिकर'.

मोजमाप असेल तर ते तुलनेच्या आधी. चार वर्षांनी मोठी: 'फोर इयर्स ओल्डर'. पटीत सांगायचं तर रचना बदलते आणि विशेषण मूळ रूपात येतं: 'ट्वाइस ॲज हेवी ॲज'. टॉवेलच्या धंद्यात जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. एकाच मापाचे दोन टॉवेल, एक 300 जीएसएमचा आणि एक 600चा, तर दुसऱ्याला 'ट्वाइस ॲज हेवी ॲज द फर्स्ट' म्हणायचं. बरोबरी असेल तर नुसतं 'ॲज हेवी ॲज'. आणि माल विकताना कामाला येणारं रूप म्हणजे 'नॉट ॲज': 'धिस वन इज नॉट ॲज सॉफ्ट ॲज दॅट वन.' डावीकडचा टॉवेल यात खरखरीत ठरत नाही, कमी मऊ ठरतो. मालकाचा चेहरा वाचला असता तो या वाक्याने.

सर्वांत वरची पायरी

'सर्वांत' आला की 'एस्ट' किंवा 'मोस्ट', आणि आधी 'द'. हा 'द' मराठी माणूस हमखास विसरतो, कारण मराठीत तसा शब्दच नाही. 'माय', 'हिज' असलं कोणी आधी बसलेलं असेल तरच 'द'ला सुट्टी: 'माय बेस्ट फ्रेंड'.

पुढे 'इन' की 'ऑफ'? जागा किंवा गट असेल तर 'इन': द हायेस्ट पीक इन महाराष्ट्रा, द टॉलेस्ट बॉय इन द क्लास. मोजलेल्या वस्तू असतील तर 'ऑफ': द चीपेस्ट ऑफ द थ्री. दोनच वस्तूंत 'एस्ट' शोभत नाही, तिथे 'द चीपर ऑफ द टू'. 'वन ऑफ द' नंतर नाम अनेकवचनी हवं: 'वन ऑफ द लार्जेस्ट डिस्ट्रिक्ट्स'. तो शेवटचा एस दहापैकी सात वह्यांत नसतो, आणि हे मी वह्या तपासून सांगतोय.

बोर्डाच्या मुलांसाठी: डिग्री बदला

'डिग्री बदला' म्हणजे अर्थ तोच ठेवून वाक्य तुलनेच्या दुसऱ्या रूपात लिहा. गणिताची उदाहरणं सोडवावी तसा हा प्रश्न सोडवता येतो. आधी विधान तीनपैकी कोणत्या प्रकारचं आहे ते ठरवायचं.

एकटाच अव्वल असेल तर: कळसूबाई, 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर.
'कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्रा.'
'कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्रा.'
'नो अदर पीक इन महाराष्ट्रा इज ॲज हाय ॲज कळसूबाई.'
यातला 'अदर' गाळला तर कळसूबाई स्वतःपेक्षाही उंच ठरते. पण तुलना बाहेरच्याशी असेल तर 'अदर' घालायचा नाही: 'एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्रा.' एव्हरेस्ट महाराष्ट्रात नाही, म्हणून 'इतर' म्हणायचं कारण नाही.

अव्वल काहींपैकी एक असेल तर: क्षेत्रफळात अहिल्यानगर जिल्हा राज्यात पहिला, आपला सोलापूर जिल्हा त्याच्या मागच्या रांगेत.
'सोलापूर इज वन ऑफ द लार्जेस्ट डिस्ट्रिक्ट्स इन महाराष्ट्रा.'
'सोलापूर इज लार्जर दॅन मोस्ट अदर डिस्ट्रिक्ट्स इन महाराष्ट्रा.'
'व्हेरी फ्यू डिस्ट्रिक्ट्स इन महाराष्ट्रा आर ॲज लार्ज ॲज सोलापूर.'
तिसऱ्या वाक्यात 'आर' आहे, 'इज' नाही.

दोघांचीच गोष्ट असेल तर 'एस्ट'चं रूप निघतच नाही. वंदे भारत आणि हुतात्मा एक्स्प्रेस या आपल्या दोन गाड्या घ्या. 'द वंदे भारत इज फास्टर दॅन द हुतात्मा' उलटून 'द हुतात्मा इज नॉट ॲज फास्ट ॲज द वंदे भारत' होतं. बाजू अदलाबदल आणि 'नॉट', दोन्ही करायचं. एकच केलं तर हुतात्मा वंदे भारतला गाठते, नाहीतर मागे टाकते.

जितकं-तितकं आणि दिवसेंदिवस

ही दोन रूपं पुस्तकात शेवटी येतात, पण बोलण्यात फार उपयोगी. दिवसेंदिवस वाढतंय असं सांगायचं तर तुलनेचं रूप दोनदा: 'इट इज गेटिंग हॉटर अँड हॉटर.' मोअरवाल्या शब्दाला 'मोअर अँड मोअर एक्स्पेन्सिव्ह', विशेषण एकदाच. 'जितका-तितका'साठी दोन्ही बाजूंना 'द': 'द थिकर द टॉवेल, द लाँगर इट टेक्स टू ड्राय.' इथे मराठीचा सांगाडा जवळपास जसाच्या तसा बसतो, म्हणून मुलांना हे लगेच जमतं.

सरावाला तीन वाक्यं. आधी वहीत लिहा, मग खाली बघा. एक: अक्कलकोट पंढरपूरपेक्षा जवळ आहे. दोन: यातली जाड चादर कोणती? दोनच चादरी आहेत. तीन: माझा भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण उंच.

पहिलं: 'अक्कलकोट इज निअरर दॅन पंढरपूर.' 'मोअर निअर' लिहिलं असेल तर हनुवटी परत मोजा. दुसरं: 'विच चादर इज थिकर?' किंवा 'विच इज द थिकर ऑफ द टू?' 'थिकेस्ट' लिहिलं असेल तर अर्धा गुण. तिसरं: 'माय ब्रदर इज टू इयर्स यंगर दॅन मी, बट टॉलर.' इथे 'टॉलर'पुढे परत 'दॅन मी' लिहायची गरज नाही, एकदा सांगून झालंय.